एकाच गावातली जोड

नेरुळला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं, की डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. मोठा सामना असला की त्या बाजूचं आभाळ पांढरं होतं आणि वारा आमच्याकडचा असेल तर गर्दीचा आवाजही येतो. २००८ साली हे स्टेडियम सुरू झालं. तेव्हापासून इथं कितीतरी अंतिम सामने झाले. इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना इथंच झाला, २० डिसेंबर २०१४ला. कोलकात्याच्या संघानं केरळच्या संघाला शेवटच्या क्षणी, जादा मिनिटांत एकमेव गोल करून हरवलं. २०२२च्या फेब्रुवारीत आशियाई महिला फुटबॉलचा अंतिम सामना झाला. चीनची टीम दोन गोलांनी मागे होती आणि तिनं कोरियाला ३-२ असं हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथंच झाला. तो स्पेननं जिंकला.

आमच्या शेजारचा एक मुलगा, सातवीत आहे, फुटबॉलवेडा. मध्यंतरी गच्चीवर मला म्हणाला, "काका, इथं सगळ्या फायनल बाहेरच्यांच्या होतात. दोन्ही टीम एकाच गावच्या असल्या तर? मग गाव कुणाच्या बाजूनं असतं?"

मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी घरचा वाटला. त्याला त्या वेळी म्हणालो, "गाव दोन्ही बाजूंनी असतं आणि त्या दिवशी कुणाच्याच बाजूनं नसतं." त्याला ते काही पटलं नाही. उत्तर अपुरं होतं हे मलाही कळत होतं. आज ते जरा नीट सांगण्याचा प्रयत्न करतो.

एकाच शहरातल्या दोन संघांच्या लढतीला फुटबॉलच्या भाषेत 'डर्बी' म्हणतात. मिलान, माद्रिद, कोलकाता, ब्युनोस आयर्स या शहरांच्या डर्बी जगाला माहीत आहेत. आपल्या महाराष्ट्रात अशी लढत बघायची तर कोल्हापूरला जावं लागतं. तिथं हा शब्द आता आता ऐकू येऊ लागला. लढत मात्र फार जुनी आहे, आणि ती समजून घ्यायची तर आधी तालीम समजून घ्यायला हवी.

कोल्हापूर हे कुस्तीचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. ते १९१२ साली खुलं झालं. मध्यभागी खोलगट हौदा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही लाल माती दिसते. पण खासबाग म्हणजे जत्रेचा दिवस. रोजची कुस्ती व्हायची ती पेठेपेठेच्या तालमीत. तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. पेठेतली पोरं तिथं पहाटे जोर मारतात, संध्याकाळी कट्ट्यावर बसतात, गणपती तिथलाच, मोहरमचा पंजाही पुष्कळ ठिकाणी तिथलाच. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, पहिली माणसं तालमीची येतात. वस्तादाचा शब्द बापाच्या शब्दाच्या बरोबरीचा.

या तालमींमध्ये विसाव्या शतकात फुटबॉल शिरला. राजघराण्याला या खेळाची आवड होती, संस्थानात तो खेळला जात होता. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'के.एस.ए.', स्थापन झाली आणि खेळाला शिस्त आली. पण संघ उभे केले ते तालमींनी. म्हणून तर कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं वाचली की बाहेरचा माणूस चक्रावतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, श्री शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ, प्रॅक्टिस क्लब. ज्या हौद्यात आजोबांनी कुस्ती केली, त्याच तालमीच्या नावानं नातू फुटबॉल खेळतो. पाटाकडील म्हणजे मंगळवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ म्हणजे शिवाजी पेठ. संघाचं नाव घेतलं की पत्ता सांगून होतो.

मुंबईचं फुटबॉल याच्या अगदी उलट वाढलं. मुंबईत संघ होते ते कंपन्यांचे आणि कार्यालयांचे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. त्यांनी चांगले खेळाडू घडवले, त्यांना नोकऱ्या दिल्या. पण गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांची धोरणं बदलली, तसे एकेक संघ गेले. महिंद्र युनायटेडसारखा देश गाजवलेला संघ २०१० साली बंद झाला. तो बंद झाला म्हणून मुंबईच्या कुठल्या गल्लीत चूल पेटली नाही असं झालं नाही, कारण तो कुठल्या गल्लीचा नव्हताच. कोल्हापुरात तालमीचा संघ असा बंद करता येत नाही. पैसे नसतील तर पेठेत वर्गणी निघते. दुकानदार देतो, रिक्षावाला देतो, दुबईला नोकरीला गेलेला पेठेतला मुलगा पाठवतो. संघ हरला तर शिव्या पडतात, पण पुढच्या हंगामात तो उतरतोच.

आता या सगळ्यात अंतिम सामना कसा जुळून येतो ते पाहू. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो. आधी के.एस.ए.ची साखळी स्पर्धा, म्हणजे लीग. वरिष्ठ गटात सोळा संघ असतात. तिथं एखादी हार पचते, कारण गुण हळूहळू जमा होत असतात. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत बाद पद्धतीच्या स्पर्धा होतात. चंद्रकांत चषक, सतेज चषक, अटल चषक, महापौर चषक अशा नावांनी त्या गाजल्या आहेत. इथं एक हार म्हणजे घरी.

सोळा संघांची बाद स्पर्धा असेल तर एकंदर पंधरा सामने होतात आणि अंतिम फेरीत यायला तीन विजय लागतात. गटवारी करताना बलाढ्य दोन संघ बहुधा पत्रिकेच्या दोन टोकांना ठेवतात. एकाच अंगाला पडले तर ते आधीच्याच फेरीत भिडतील आणि अंतिम सामन्याची रंगत जाईल, हा हेतू. परिणाम असा होतो, की गटवारी छापून आली की त्याच दिवशी कट्ट्यावर हिशेब मांडला जातो. आपण इकडून तीन जिंकले, ते तिकडून तीन जिंकले, म्हणजे शेवटी गाठ आपलीच. मधले सामने मग लोक एका डोळ्यानं स्वतःचे आणि एका डोळ्यानं त्यांचे बघतात. आपला संघ उपांत्य सामना जिंकला की आनंद अर्धाच असतो. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी ते जिंकले की होतो. गंमत बघा, ज्यांच्यावर जन्माचा राग, तेच अंतिम फेरीत यावेत अशी मनातून इच्छा असते. या इच्छेकडे मी पुन्हा येणार आहे.

अंतिम सामन्याच्या आधीचा आठवडा हा खरा बघण्यासारखा. इतर ठिकाणी अंतिम सामना म्हणजे एक यजमान आणि एक पाहुणा, किंवा दोघंही पाहुणे. पाहुण्यांचे पाठीराखे रेल्वेनं येतात, ओरडतात, रात्रीच्या गाडीनं परत जातात. कोल्हापुरात कुणीच कुठून येत नाही आणि कुणीच कुठं जात नाही. दोन्ही बाजूंचे लोक त्याच भाजी मंडईत भाजी घेतात, त्याच मिसळीच्या दुकानात शेजारशेजारी बसतात, पोरं एकाच शाळेत बाकाला बाक लावून असतात. एका घरात सासर एका पेठेचं आणि माहेर दुसऱ्या पेठेचं असतं. कारखान्यात एकाच मशीनवर पहिल्या पाळीला या तालमीचा आणि दुसऱ्या पाळीला त्या तालमीचा माणूस. त्यामुळे सामना नव्वद मिनिटांचा असला तरी बोलाचाली आठ दिवस आधी सुरू होते आणि हरलेल्याला ती वर्षभर ऐकावी लागते.

मैदानावरही याचा परिणाम दिसतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, एवढी चुरस म्हणजे गोलांचा पाऊस पडणार. बहुतेक वेळा तसं होत नाही. दोन्ही संघ एकमेकांना फार ओळखून असतात. डाव्या बगलेवरचा पोरगा आत वळून उजव्या पायानं मारतो, हे समोरच्या बचावपटूला लहानपणापासून ठाऊक असतं, कारण दोघं एकाच गांधी मैदानावर खेळून मोठे झालेले असतात. शिवाय हरण्याची भीती जिंकण्याच्या इच्छेपेक्षा मोठी असते. म्हणून पहिली वीस मिनिटं चेंडू मधल्या पट्ट्यातच घुटमळतो आणि दोन्ही बाजू बचावाची फळी मोडायला तयार नसतात. गोल झालाच तर तो बहुधा कॉर्नरवर, फ्री-किकवर, नाहीतर कुणाच्या तरी चुकीवर होतो.

बरोबरी राहिली तर स्पर्धेच्या नियमाप्रमाणे जादा वेळ किंवा सरळ टायब्रेकर. गोलपासून बारा यार्डांवर, म्हणजे अकरा मीटरवर चेंडू. गोलची रुंदी आठ यार्ड, उंची आठ फूट. प्रत्येकी पाच फटके, तरीही बरोबरी राहिली तर सडन डेथ. गणितानं पाहिलं तर मारणाऱ्याचं पारडं जड. पण एकाच गावात खेळलेल्या दोघांत आणखी एक गोष्ट येते. हा कोणत्या कोपऱ्यात मारतो ते गोलीला माहीत असतं. आणि गोलीला ते माहीत आहे, हे मारणाऱ्याला माहीत असतं. मग तो नेहमीचा कोपरा धरायचा की सोडायचा? त्या दोन सेकंदांत शाहू स्टेडियमवर जी शांतता पसरते, ती मी दुसरीकडे कुठं अनुभवलेली नाही.

बाहेरच्या जगातले दोन दाखले देतो. माद्रिद शहरात रेआल आणि अॅटलेटिको असे दोन संघ. २०१३ साली स्पेनच्या राजाच्या चषकाचा अंतिम सामना रेआलच्या स्वतःच्या मैदानावर झाला. अॅटलेटिकोला शेजाऱ्यांवर चौदा वर्षं एकही विजय मिळाला नव्हता. त्या रात्री त्यांनी जादा वेळेत २-१ असा तो मिळवला. पुढच्याच वर्षी, २४ मे २०१४ला, युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम फेरीत हेच दोघं लिस्बनला समोरासमोर आले. एकाच शहरातले दोन संघ त्या अंतिम फेरीत येण्याची ती पहिलीच वेळ. अॅटलेटिको त्र्याण्णवाव्या मिनिटापर्यंत एका गोलानं पुढं होता. तेवढ्यात रामोसनं कॉर्नरवर डोक्यानं गोल केला, आणि जादा वेळेत रेआलनं ४-१ असा सामना काढला. २०१६ला मिलानमध्ये पुन्हा तीच गाठ, पुन्हा बरोबरी, आणि टायब्रेकरवर पुन्हा रेआल. एका फुटबॉल पंढरीतली ही भाऊबंदकी साऱ्या युरोपनं पाहिली.

दुसरा दाखला आपल्या मुंबईचा. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा कूपरेजवर भरत असे. या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. पण तिच्या चांगल्या दिवसांत देशभरचे संघ इथं यायचे. १९७२ साली अंतिम फेरीत कोलकात्याचे दोन्ही संघ आले, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. शेवटी चषक दोघांना विभागून देण्यात आला. त्या काळी अंतिम सामन्यात निकाल लागला नाही तर संयुक्त विजेते जाहीर करण्याची पद्धत होती. आजच्या पोरांना ती हास्यास्पद वाटते. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर ही 'बरोबरीत सोडवलेली' कुस्ती. प्रेक्षकांना निकाली कुस्ती हवी असते, हे खरं. पण कधीकधी दोघं खरोखरच समान असतात, आणि तसं कबूल करण्याचा मोठेपणा त्या जुन्या नियमात होता, असं मला आता वय झाल्यावर वाटू लागलं आहे.

कोलकात्याचं नाव घेतलं की १६ ऑगस्ट १९८० ही तारीख टाळता येत नाही. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा सामना सुरू असताना प्रेक्षकांत मारामारी झाली, पळापळ झाली, आणि सोळा जण जिवानिशी गेले. ते सगळे खेळ बघायला घरून निघाले होते. पुढं बंगालमध्ये तो दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात झाली. त्या दिवशी रक्तदान शिबिरं होतात. सांडलेल्या रक्ताची आठवण रक्त देऊन ठेवायची, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

कोल्हापुरात सुदैवानं एवढं मोठं काही घडलेलं नाही. पण दगडफेक झाली आहे, हुल्लडबाजी झाली आहे, पोलिसांचा लाठीमार झाला आहे, सामने थांबवावे लागले आहेत, स्पर्धा पुढं ढकलाव्या लागल्या आहेत. कुणी सुरुवात केली, हा प्रश्न विचारला की दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही शपथेवर मिळतात. म्हणून दुसऱ्या कुणाबद्दल न बोलता मी माझ्याबद्दल बोलतो.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. माझं घर एका पेठेत आणि आजोळ दुसऱ्या पेठेत. पेठांची नावं मुद्दाम सांगत नाही. सांगितली की ऐकणारा लगेच बाजू घेतो. एक सामना आम्ही टायब्रेकरवर हरलो. बाहेर पडताना फाटकापाशी चेष्टा सुरू झाली, चेष्टेचं भांडण झालं, आणि कुठून तरी दगड यायला लागले. मीही एक उचलला आणि फेकला. नेम धरला नव्हता. गर्दीवर फेकला होता. तो कुणाला लागला हे बघायलाही मी थांबलो नाही.

रात्री आई जेवण वाढताना म्हणाली, "तुझ्या मामाच्या गल्लीतल्या पोराची भुवई फुटली. चार टाके पडले. मामानंच सायकलवरून दवाखान्यात नेलं त्याला." आणि गप्प राहिली. माझाच दगड होता की नाही, हे तिला माहीत नव्हतं, मलाही खात्रीनं माहीत नव्हतं. पण मी ज्या बाजूला फेकला होता, त्याच बाजूला तो उभा होता. मला घास गिळता येईना. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मला ओळखलं, "अमक्याचा भाचा ना?" म्हणून चहा दिला. तिनं चहा दिला नसता तर बरं झालं असतं. मी त्याला म्हणालो, "दगड माझा असंल." तो पट्टीच्या आडून बघत म्हणाला, "असंल तर असंल. पेनल्टी असा नेम धरून मारला असतासा, तर जिंकला असतासा की रं."

आज तो आजोबा आहे, मीही आहे. अंतिम सामना असला की आमच्यापैकी जिंकलेला हरलेल्याला फोन करतो. गावी भेटलो की तो काही न बोलता नुसती ती भुवई वर करून दाखवतो.

मला स्वस्तात सुटका मिळाली. आजच्या पोरांना ती मिळत नाही. आता सगळीकडं कॅमेरे आहेत. गर्दीत दगड भिरकावणारा हात सहज ओळखू येतो. गुन्हा नोंद झाला की पोलीस भरती असो, सैन्य भरती असो, चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. कोल्हापूरच्या पोरांची अर्धी स्वप्नं याच दोन भरत्यांत असतात. एका संध्याकाळच्या रागापायी दहा वर्षांची धावाधाव पाण्यात जाते. मोबाइलवरून एकमेकांच्या पेठेची टिंगल करणाऱ्या चित्रफिती रात्रभर फिरतात. पूर्वीची चेष्टा कट्ट्यावर सुरू होऊन कट्ट्यावर मिटायची, कारण समोर बसलेल्याचा चेहरा दिसायचा. आता तो दिसत नाही.

आणखी एक नुकसान होतं, ते हिशेबात येत नाही. आपली पोरं गावच्या पलीकडं जायला कचरतात. पेठेतल्या अंतिम सामन्यात गोल मारला की गुलालात न्हाऊन निघायचं, खांद्यावरून मिरवणूक, हलगी, घरोघरी ओवाळणी. एवढं मिळाल्यावर दूरच्या शहरात राखीव खेळाडू म्हणून बाकावर कोण बसणार? तरीही काही जण गेले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. अशा पोरांची यादी अजून लांब व्हायला हवी.

म्हणजे मग ही ईर्षा वाईट का? इथंच मी मघाच्या त्या इच्छेकडं परत येतो. ज्यांचा राग, तेच अंतिम फेरीत यावेत असं का वाटतं?

याचं उत्तर तालमीतच आहे. कुस्तीच्या मैदानात संयोजकांचं सगळ्यात अवघड काम म्हणजे जोड लावणं. वजन, उंची, ताकद, अनुभव, सगळं बघून समोरासमोर दोन मल्ल ठरवायचे. जोड चुकीची लागली, एक भारी आणि एक हलका असला, तर कुस्ती दोन मिनिटांत संपते आणि लोक पैसे परत मागतात. चांगला मल्ल कमजोर जोड मागत नाही. त्याला बरोबरीची जोड हवी असते, कारण त्याची खरी ताकद तिच्याशी भिडल्यावरच कळते. वस्ताद शिकवतात, समोरच्याचा आदर कर, तो आहे म्हणून तू पैलवान आहेस. सलामी देताना हातात हात देतात तो त्यासाठी.

पाटाकडीलला शिवाजी ही जोड आहे आणि शिवाजीला पाटाकडील. खंडोबाला, दिलबहारला, प्रॅक्टिसला, प्रत्येकाला कुणीतरी आहे. एक संघ उद्या संपला तर दुसऱ्याचं स्टेडियम रिकामं पडेल. वर्गणी कोण देईल? पहाटे पाच वाजता पोरं कुणाला हरवायला धावतील? कोल्हापुरात कुठल्या मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय इतकी वर्षं फुटबॉल जगला, त्याचं एक मोठं कारण हे आहे, की प्रत्येक पेठेला समोरच्या पेठेनं जागं ठेवलं. ज्या दिवशी आपण जोडीवर दगड मारतो, त्या दिवशी आपण आपल्याच खेळाची मुळं तोडतो. हे मला सतराव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं का, कुणास ठाऊक. चार टाक्यांनी ते कळलं.

कोलकात्यानं अगदी अलीकडे हे साऱ्या देशाला दाखवलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर संतापलं होतं. बंदोबस्ताचं कारण देऊन ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचा १८ ऑगस्टचा सामना रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही संघांचे पाठीराखे, आणि त्यांच्याबरोबर मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही, स्टेडियमबाहेर एकत्र जमले. आपापल्या संघांचे झेंडे हातात धरून त्यांनी एकाच मागणीसाठी घोषणा दिल्या. शंभर वर्षं एकमेकांना चिडवणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या खांद्यावर बसलेली लोकांनी पाहिली. चिडवण्यासाठी का होईना, ती एकमेकांना ओळखत होती. अनोळखी माणसांना इतक्या पटकन एकत्र येणं जमलं नसतं.

आता आमच्या नवी मुंबईबद्दल. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं. इथं सेक्टर आहेत, नोड आहेत, रुंद रस्ते आहेत. पेठ नाही. गावठाणांत मात्र अजून जीव आहे. तिथल्या क्रिकेटच्या स्पर्धांना, कबड्डीला या गावाची त्या गावाशी जुनी ईर्षा असते आणि रात्रीच्या दिव्यांखाली अख्खं गाव लोटतं. सेक्टरमध्ये राहणारे आम्ही साताऱ्याचे, कोल्हापूरचे, केरळचे, बंगालचे. आमचं स्टेडियम मोठं आहे आणि त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. पाटीलही कोल्हापूर जिल्ह्यातलेच. पण स्टेडियम बांधता येतं, जोड बांधता येत नाही. ती वर्षानुवर्षं त्याच मैदानावर, त्याच समोरच्यांशी, हरत-जिंकत खेळून तयार होते. त्यासाठी मोकळं मैदान लागतं, संघाला आपलं म्हणता येईल असं नाव लागतं, आणि हरल्यावर पुन्हा तिथंच जायची तयारी लागते.

शेजारच्या त्या मुलाला मी हे सगळं दोन-तीन संध्याकाळी सांगितलं. त्यांच्या सेक्टरची पोरं दर रविवारी सकाळी पलीकडच्या सेक्टरशी खेळतात. गेल्या महिन्यात ती ४-० अशी हरली आणि पंच त्यांचाच होता म्हणून मोठं भांडण झालं. त्या पोरांशी परत खेळायचं नाही, असं यांनी ठरवूनही टाकलं होतं.

परवा जिन्यात भेटला. पायात बूट, हातात चेंडू. मी विचारलं, "आज कुणाशी रे?"

म्हणाला, "त्यांच्याशीच. दुसऱ्यांशी मजा नाही येत, काका. पण पंच तुम्ही व्हायचं."

गेलो. आमची पोरं २-१ अशी हरली. शेवटी सगळ्यांनी हात मिळवले, आणि पुढच्या रविवारची वेळ ठरली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)